मागच्या सीटवरची ट्रायल

त्याला सगळे सावकाश मिस्त्री म्हणत. गाडी कधी मिळेल असं विचारलं की त्याचं एकच उत्तर, "सावकाश." कुणी घाईत असो, कुणी हातापाया पडो, उत्तर बदलत नसे. नवं गिऱ्हाईक चिडायचं, जुनं गिऱ्हाईक बाकावर बसून चहा मागवायचं. नावात थट्टा होती, पण त्याच्या तोंडावर तसं म्हणायला कुणाला संकोच वाटत नसे, कारण त्याच्या हातून गेलेली मोटरसायकल त्याच दुखण्यासाठी परत आली असं सहसा होत नसे.

गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. पुढं पत्र्याचं शटर, मागं मोरी, आणि मधल्या भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती दिसते आणि शोधाशोध सुरू होते. ही शक्कल त्याच्या धाकट्या भावाची. पंक्चर, चेन, ब्रेक धाकट्याकडं होतं आणि बोलायचं खातंही त्याच्याकडंच होतं. इंजिन आणि गिअर थोरल्याकडं.

आणि ट्रायल थोरल्याकडं. बाकीचे मिस्त्री गाडी झाली की एकटेच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. सावकाश मिस्त्री मालकाला मागच्या सीटवर बसवायचा आणि स्वतः मोठा फेरा मारायचा. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ, तिथून लांब उतार, उताराच्या पायथ्याशी वळण आणि जुन्या गिरणीच्या भिंतीकडून परत. मालक मागं बसल्याशिवाय गाडी सुटत नसे. मग तो वकील असो की दूधवाला, कपड्याला इस्त्री असो की नसो. "तुमची हाडं माझ्या भरवशावर असली की कामात लबाडी होत नाही," असं तो कधीतरी एकदाच बोलला होता. धाकट्यानं ते वाक्य पुढं निदान हजारदा वापरलं. लग्न ठरलं तेव्हा बायकोलाही दादानं याच फेऱ्यावर नेलं होतं, हेही तो रंगवून सांगायचा. "वहिनीची ट्रायल घेतली दादानं."

"मी घेतली त्यांची," असं वहिनी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची. गाड्यांच्या सीटची कव्हरं ती घरी शिवत असे.

तर एके दुपारी मागच्या सीटवर मीटरवाल्या बाई होत्या. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे हे त्यांचं काम, आणि बोलणं हा त्यांचा छंद. क्लच प्लेट घासल्या होत्या म्हणून त्यांनी गाडी आणली होती. मिस्त्रीनं नव्या प्लेट बसवल्या, नवं ऑइल भरलं आणि मानेनंच खूण केली, बसा. चढ संपेपर्यंत बाईंनी त्याला तीन गल्ल्यांची बातमीपत्रं ऐकवली होती. क्लच लोण्यासारखा चालत होता.

बाईंच्या गाडीला गिअरचा लिव्हर दोन टोकांचा होता. मागचं टोक टाचेनं दाबलं की गिअर वर चढतो, पुढचं चवड्यानं दाबलं की खाली उतरतो. लहान मुलालाही एकदा सांगून कळेल अशी गोष्ट. उतारावर गाडी तिसऱ्यात पूर्ण वेगात आली. मिस्त्रीनं क्लच ओढला, चौथा टाकायला टाच दाबली, क्लच सोडला. इंजिन किंचाळलं. गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा हिसका बसला आणि बाईंचं कपाळ त्याच्या पाठीवर आदळलं. चौथा नीट पडला नाही असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं पुन्हा क्लच ओढला आणि पुन्हा टाच दाबली.

गाडी पहिल्यात गेली. मागचं चाक जाम झालं, गाडीचं शेपूट आधी डावीकडं आणि मग उजवीकडं गेलं, आणि समोर रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रक एकदम मोठा दिसायला लागला. हातांनी मात्र काम केलं. विचार यायच्या आधीच डाव्या हातानं क्लच ओढून धरला, चाक सुटलं, गाडी सरळ झाली आणि ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली.

बाई उतरल्या. कपाळ चोळत त्यांनी आधी ट्रककडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"मिस्त्री, हे काय झालं?"

"गिअरबॉक्सनं दगा दिला," तो म्हणाला.

त्यानं हे इतक्या शांतपणे सांगितलं की बाईंचा लगेच विश्वास बसला. त्याचे हात थरथरत नव्हते, छाती धडधडत नव्हती. एवढ्या प्रसंगानंतर माणसाला काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. काही वाटत नव्हतं. खाली पाहिलं तेव्हा त्याचा डावा पाय लिव्हरवर होता. चवडा पुढच्या टोकावर, आणि टाच मागच्या टोकापासून चांगली वर, हवेत.

त्यानं पाय उचलून जमिनीवर ठेवला आणि गाडी ढकलत आणली.

गॅरेजमध्ये गाडी मधल्या स्टँडवर चढवून त्यानं तपासणी सुरू केली. मागचं चाक हातानं फिरवत एकेक गिअर टाकून पाहिला. प्रत्येक गिअर टक् करून जागेवर बसला. कुठं खरखर नाही, कुठं सुटणं नाही. किक मारून कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, पाहिलं. किक भरभक्कम. इंजिन असं किंचाळलं की व्हॉल्व्ह वाकायची भीती असते, म्हणून वरचं झाकण काढून तिथला गॅपही मोजला. होता तेवढाच. मग ऑइल गरम असतानाच खालचा बोल्ट काढून ते पसरट ट्रेमध्ये सोडलं आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यात फिरवलं. दात तुटला, चेपला, नुसता खरचटला तरी लोखंडाचा कीस ऑइलमध्ये उतरतो, आणि हे ऑइल तर सकाळीच भरलेलं. त्यात जे काही सापडेल ते आजचंच असणार होतं.

चुंबक स्वच्छ निघालं. फडक्यातून ऑइल गाळलं, फडकं उजेडाला धरलं. काही नाही.

"वाचली," धाकटा म्हणाला. "क्लचनं धक्का खाल्ला असेल. प्लेट बघ, ऑइल भर, दे बाईंना."

क्लच उघडला तर एका पोलादी प्लेटवर निळसर झाक आली होती. एवढीच काय ती खूण. धाकट्यानं ती प्लेट बदलण्यासाठी बाजूला काढली.

"इंजिन उतरवायचं," थोरला म्हणाला.

"कशाला?"

"आत बघायचं आहे."

धाकट्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं. गिअरबॉक्स आतून बघायचा म्हणजे इंजिन फ्रेममधून काढून त्याची दोन शकलं करायची. दाढ दुखत नसताना जबडा उघडण्यातला प्रकार. पण थोरल्याच्या कामात बोलायचं नाही ही घरातली शिस्त, आणि बडबड्या माणसालाही काही शिस्ती पाळाव्या लागतात. त्यानं फ्रेमचे बोल्ट सैल करायला घेतले. बाईंना सांगितलं, वेळ लागेल. बाई पिशवी खांद्याला लावून चालत मीटर वाचायला गेल्या.

संध्याकाळी घरी बायकोनं त्याच्या समोर ताट ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसून त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. हे रोजचं होतं. मागच्या थंडीत तो एकदा गॅरेजमधून घरी आला तेव्हा डाव्या पायात चप्पलच नव्हती. उंबऱ्यात तिनं विचारलं, "चप्पल कुठं आहे?" आणि त्यानं खाली पाहिलं तेव्हा त्याला कळलं. ती चौकापर्यंत जाऊन चप्पल शोधून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले, म्हणाले, तळव्याला टोचतोय, कळलं की सांगा. तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर डॉक्टर औषधं लिहीत होते. त्याला वाटलं, टोचायचं अजून बाकी आहे. बायको शेजारीच बसली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

शुगर निघाली, गोळ्या आल्या. पायात बूट घाला, असं डॉक्टरांनी आणि तिनं दोघांनी सांगून झालं. बुटात गिअर कळत नाही, असं म्हणून त्यानं तो विषय मिटवला. निदान चपलेला मागून पट्टा लावून देते, असं ती म्हणाली, तर पट्ट्याची चप्पल पोरंटोरं घालतात म्हणाला.

आता ती तळव्यावरून अंगठा फिरवत कुठं काही खुपलंय का, भाजलंय का ते पाहत होती. झिजलेल्या चपलेतूनही चवड्याखाली लिव्हरच्या टोकाचा लालसर वळ उठला होता. तिनं तो दाबला. तो जेवत राहिला.

"भाऊजी सांगत होते, गाडी चांगली आहे म्हणून," ती म्हणाली.

"वरून चांगली दिसते. आत असेल काहीतरी."

"आणि आत काही नसलं तर?"

"असेल."

"अहो, तुम्ही आत काय शोधताय ते मला कळतंय." तिनं पाय मांडीवरून खाली ठेवला, अगदी हलकेच, काचेचं भांडं ठेवावं तसा. "गाडीला काहीतरी झालेलं असावं असं वाटतंय तुम्हाला."

ती म्हणाली ते खरं होतं, पण खरं बोलल्यावर राग येतो तसा रागही आला नाही. गेले काही महिने त्याचं असंच चाललं होतं. पायातली जाणीव गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं असावं. कुणी हसलं की तो हसायचा, कुणी रडलं की गंभीर व्हायचा, आणि दोन्ही वेळा आत दुपारच्या बंद दुकानासारखं असायचं. ताट संपलं. त्यानं हात धुतले.

इंजिन उघडलं त्या दिवशी त्यानं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. दोन्ही शकलं वेगळी झाली आणि गिअरचे दोन शाफ्ट एकमेकांत दात रोवून बसलेले दिसले. ते त्यानं तसेच उचलून स्वच्छ कागदावर ठेवले, मग एकेक गिअर काढत गेला आणि काढला त्याच क्रमानं मांडत गेला. रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि डोळे मिटून उजव्या हाताची तर्जनी प्रत्येक दातावरून फिरवायची. डोळे फसतात, बोट फसत नाही, असं त्याचं मत. केसाएवढी भेग असली तरी त्याच्या बोटाला अडायची. दात झाले. मग गिअरच्या अंगावरचे खुंट, जे शेजारच्या गिअरमध्ये अडकून ताकद पुढं देतात. चुकीच्या गिअरचा मार आधी त्यांच्या कडांवर बसतो, त्या गोल होतात. कडा धारदार होत्या. मग गिअरला इकडून तिकडं सरकवणारे फोर्क काचेवर ठेवून वाकलेत का ते पाहिलं. काचेला चिकटून बसले.

दुसऱ्या गिअरवरून त्यानं बोट पुन्हा फिरवलं. मग पहिल्यावरून. मग पुन्हा दुसऱ्यावरून. सापड की, असं तो मनातल्या मनात गिअरला सांगत होता. एक कड दे. एवढीशी दे.

काही नव्हतं. गिअरबॉक्स नव्या नवरीसारखा निर्दोष होता, असं धाकटा एरवी म्हणाला असता. आज तो मोरीजवळच्या भंगाराच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होता. सापडलं तसा उठून आला आणि त्यानं थोरल्याच्या तळहातावर एक जुना गिअर ठेवला. कुठल्याशा अशाच गाडीतून काढलेला. खुंटांच्या कडा गोल झालेल्या, एक दात अर्धा उडालेला.

"बाईंना हा दाखवू," तो हळू म्हणाला. "हा निघाला, दुसरा टाकला. संपलं. त्या काय ओळखणार आहेत?"

थोरल्यानं त्याच्याकडं पाहिलं. धाकट्याला सगळं माहीत होतं तर. कधीपासून, देव जाणे. एवढा बडबड्या माणूस, आणि एवढी एकच गोष्ट पोटात ठेवून बसला होता.

"आणि पुढच्या ट्रायलला?" थोरल्यानं विचारलं.

"पुढचं पुढं बघू, दादा."

मिस्त्री तो तुटका गिअर हातात घेऊन बसला. वजनदार होता, हातात छान बसत होता. हा जर बाईंच्या गाडीतून निघाला असता तर पाय आपला राहिला असता, ट्रायल आपली राहिली असती. बाईंनी विश्वास ठेवला असता, आणि काही दिवसांनी आपणही ठेवला असता. मग कुणीतरी मागं बसलं असतं. दूधवाला. एखादी बाई. टाकीचा उतार.

त्यानं गिअर खाली ठेवला आणि गॅप मोजायच्या पट्ट्या उचलल्या. एका खिळ्यात ओवलेली पातळ पोलादी पानं, प्रत्येकाची जाडी ठरलेली, सर्वांत पातळ पान कागदाहून पातळ. ते पान त्यानं दोन बोटांत धरलं. आहे हे कळत होतं. मग चप्पल काढली, डावा पाय गुडघ्यावर घेतला, डोळे मिटले आणि पानाची कड तळव्यावर टेकवली. काही नाही. त्याच्यापुढचं पान टेकवलं. त्याच्यापुढचं. धाकटा पाहत होता. शेवटचं, सर्वांत जाड पान टेकवून त्यानं दाबलं, आणखी दाबलं.

"दादा, बस झालं," धाकटा म्हणाला. "रक्त येईल."

त्यानं डोळे उघडले. पान तळव्यात चांगलंच रुतलं होतं. त्यानं ते काढलं, पुसलं, मिटून ठेवलं आणि चप्पल घातली. मग बाईंचा गिअरबॉक्स मांडलेल्या क्रमानं पुन्हा जुळवायला घेतला. तुटका गिअर धाकट्यानं न सांगता डब्यात टाकला.

बाई आल्या तेव्हा गाडी शटरबाहेर उभी होती. चालून चालून त्यांचा चेहरा उन्हानं रापला होता, कपाळावरचं टेंगूळ पिवळं पडलं होतं.

"सापडलं का काय होतं ते?"

"काही नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "गिअरबॉक्स चांगला आहे. चूक माझी होती. टाच दाबतोय असं वाटलं आणि चवडा दाबला. पायाला कळत नाही आता."

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली टेकवली.

"मग इतके दिवस मी पायपीट केली ती कशासाठी?"

"माझ्यासाठी."

"मला तिथंच सांगायचं की हो. उतारावरच."

"तेव्हा मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "माहीत होतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या चिडल्या होत्या आणि त्यांना चिडायचा हक्क होता. त्या ट्रकची फळी त्यांनीही पाहिली होती. मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला नाही, सबबही पुढं केली नाही. किल्ली हातात धरून उभा होता.

"बरं," अखेर बाई म्हणाल्या. "आता ट्रायल?"

"मी मारून आणतो," धाकटा लगबगीनं पुढं झाला. "बाई, बसा मागं."

"नको," थोरला म्हणाला. त्यानं किल्ली बाईंच्या हातात दिली. "इंजिन मी जुळवलंय. तुम्ही चालवा. मी मागं बसतो."

गॅरेजमध्ये या वाक्यानं असं काही झालं की समोरचा चहावालाही किटली हातात घेऊन थांबला. बाईंनी गाडी सुरू केली. मिस्त्री मागं बसला. बसायचं कसं हेही त्याला नीट माहीत नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना, शेवटी सीटच्या मागची नळी धरली. सीटचं कव्हर त्याच्या बायकोनं शिवलेलं होतं. इतक्या वर्षांत त्या शिलाईवर तो पहिल्यांदाच बसत होता.

बाई चढावर चांगल्या चालवत होत्या. टाकीशी गाडी वळली. उतार लागला. दुसरा, तिसरा, वारा वाढला. त्याला समोर बाईंची पाठ सोडून काही दिसत नव्हतं. पुढं काय आहे, बाई काय करणार आहेत, कधी करणार आहेत, काहीच आपल्या हातात नाही. नळीवरची त्याची पकड घट्ट झाली. भीती. साधी, चक्क भीती. कितीतरी महिन्यांत त्याला काही वाटलं असेल तर ते हे. एवढी माणसं आपल्या मागं अशी बसली होती तर. बायकोसुद्धा. एकानंही कधी सांगितलं नाही.

चौथ्याची वेळ झाली. सवयीनं त्याची डावी टाच खाली गेली आणि त्याच क्षणी गिअर टक् करून पडला, अगदी बरोबर. बाईंनी टाकला होता. त्यानं खाली पाहिलं. पाय फूटरेस्टवर होता. पायात चप्पल नव्हती.

तो काही वेळ तसाच पाहत राहिला. ट्रक उभा होता ती जागा मागं गेली, गिरणीची भिंत दिसायला लागली. गप्प राहिलं असतं तर गॅरेजपर्यंत कुणाला कळलं नसतं.

"बाई," तो मोठ्यानं म्हणाला, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून. "जरा थांबवा. माझी चप्पल पडली."

बाईंनी गाडी कडेला घेतली. "कुठं पडली?"

"ते नाही कळलं."

बाईंनी मागं वळून त्याच्या उघड्या पायाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. गाडी वळवली, पहिला टाकला, आणि दोघं रस्त्याच्या दोन्ही कडा बघत उतार चढायला लागले.